खिशातलं पिवळं कार्ड

२ मार्च

छोट्या,

'प्रिय' लिहायला पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. नुसत्या छोट्यावर भागव.

फोन तू उचलत नाहीस. मेसेज वाचतोस आणि गप्प बसतोस. पत्राचं बरं असतं, निदान ते फोडावं तरी लागतं.

हॉस्पिटलमधून बाबांना तू तुझ्या घरी नेलंस, तेव्हापासून त्यांची खबर मला आत्याकडून कळते. म्हणाली, "आता बरे आहेत हो, माणसं ओळखतात." म्हणजे तुला ओळखतात, तुझ्या बायकोला ओळखतात. माझं नाव निघालं की हातातला पाण्याचा पेला खाली ठेवतात, हेही तिनेच सांगितलं. न सांगून चाललं असतं. पण आत्याच्या पोटात कधी काही राहिलंय का? राहतं ते तुमच्या दोघांच्या पोटात.

आता कामाचं बोलते. वीस तारखेला फार्मसी कौन्सिलपुढे माझी सुनावणी आहे. हॉस्पिटलने त्यांना कळवलंय: किडनी कमजोर असलेल्या ७४ वर्षांच्या रुग्णाला नागिणीवरच्या गोळीचा पूर्ण डोस दिला गेला, औषध देणारी फार्मासिस्ट रुग्णाची मुलगीच. डॉक्टरांनी लिहून दिलं तसं मी दिलं, हे खरं. पण देण्याआधी विचारणं हे माझं काम. ते मी केलं नाही असं ठरलं तर माझं रजिस्ट्रेशन जाईल. बावीस वर्षं मी त्या काउंटरमागे उभी आहे. मला दुसरं काही येत नाही. स्वयंपाकही धड येत नाही, तुझ्याइतकं हे कुणाला माहीत असणार.

तर तुझ्याकडून एक ओळ हवी आहे, सहीसकट. 'ताईने त्या शनिवारी मला फोनवर बाबांच्या किडनीबद्दल विचारलं होतं आणि मी सांगितलं नाही.' बस. खोटं काही लिहू नकोस, झालं तेवढंच लिही. माफी मागितलेली नाही, ओळ मागितली आहे.

ताई


७ मार्च

छोट्या,

तुझा मेसेज मिळाला. इतक्या दिवसांनी उघडलेलं तोंड, आणि त्यातून काय निघालं? 'तू तसं विचारलं नव्हतंस ताई. बाकी सगळं ठीक आहे ना, एवढंच म्हणालीस.'

याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा.

'बाकी सगळं ठीक आहे ना' हे लग्नात भेटलेल्या पाहुण्याला विचारतात. मी काउंटरवर असलं गुळमुळीत कधी बोलत नाही. माझे तीन प्रश्न ठरलेले. दुसरं काही औषध चालू आहे का? कशाची अ‍ॅलर्जी? किडनी, लिव्हरचा काही त्रास? गिऱ्हाईक कितीही घाईत असो. एकाने तर मला विचारलं होतं, "बाई, गोळी देताय की मुलगी?" तरी मी विचारते, आणि चिठ्ठीची जी प्रत दुकानात राहते तिच्या मागे लिहून ठेवते: काय विचारलं, काय उत्तर आलं, कोणी दिलं. हे मला कायद्याने सांगितलेलं नाही. माझी मीच लावून घेतलेली सवय आहे. बाबांच्या चिठ्ठीमागेही लिहिलंय, शनिवार, दुपारी अडीच: 'किडनी: नाही. उत्तर देणारा: भाऊ, फोनवर.' माझंच अक्षर आहे, माझीच सही.

आता तू विसरला असशील तर आठवण करून देते.

शुक्रवारी बाबा म्हणाले, पाठीला काहीतरी चावलंय. शनिवारी बघितलं तर उजव्या कुशीपासून पाठीपर्यंत पट्टाच्या पट्टा फोडांनी भरलेला. डॉक्टर म्हणाले, नागीण. तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू झाल्या तर बरं, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. जुना काही आजार? बाबा म्हणाले, "फक्त बीपी." मी शेजारीच बसले होते. तीन वर्षं माझ्या घरात राहणारा माणूस, त्याला बीपीच आहे, मला माहीतच होतं.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "जेवण दोनदा आणि गोळ्या पाचदा! पोट भरायचं तरी कशाने?" मी डब्यातला घडीचा कागद उलगडून मोठ्याने वाचला. मळमळ, डोकेदुखी, चक्कर, पोट बिघडणं. पाणी भरपूर प्यावं. पुढे बारीक अक्षरात: वयस्कर किंवा किडनी कमजोर असलेल्या रुग्णांमध्ये गोंधळ, भास होऊ शकतात, डोस कमी करावा. त्या ओळीवर बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "भास व्हायला डोकं लागतं. पुढे वाच."

मी पुढे वाचलं, छोट्या. तो क्षण मी रोज आठवते. त्यांना ठाऊक होतं, शब्द कानावर पडला होता, आणि त्यांनी मला पुढे वाचायला सांगितलं.

सोमवारी त्यांची जीभ जड झाली. मंगळवारी ते चादरीवरच्या मुंग्या वेचत होते. चादरीवर मुंग्या नव्हत्या. दिवेलागणीला मी त्यांना रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं. बुधवारी सकाळी डॉक्टरीणबाई विचारत होत्या, किडनीचा आधी काही त्रास? आणि मी छाती पुढे काढून सांगत होते, अजिबात नाही, मी स्वतः फार्मासिस्ट आहे. तेवढ्यात तू आलास. खांद्यावरची बॅगही उतरवली नव्हतीस. खिशातून पाकीट काढलंस, पाकिटातून पिवळं कार्ड, आणि माझ्याकडे न बघता त्यांच्या हातात दिलंस.

'किडनीचा जुना आजार. कोणतेही औषध घेण्यापूर्वी हे कार्ड डॉक्टर व औषध विक्रेत्यास दाखवावे.' खाली बाबांचं नाव, दीड वर्षापूर्वीची तारीख, संपर्काला तुझा नंबर.

औषध विक्रेत्यास, छोट्या. म्हणजे मला.

त्या बाईंनी कार्ड वाचलं आणि वर माझ्याकडे बघितलं. बावीस वर्षांत माझ्याकडे असं कोणी बघितलं नव्हतं. चार दिवस बाप माझ्या हातून गोळ्या खात होता आणि कार्ड तुझ्या पाकिटात, बसच्या पासाशेजारी बसलं होतं. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

ओळ पाठव.

ताई


१२ मार्च

छोट्या,

ओळ आली नाही. आत्याचा फोन मात्र आला. तुम्ही दोघांनी हे का लपवलं, ते तिने मला समजावून सांगितलं. हिला सगळं माहीत होतं! म्हणजे सगळ्या घराची अळीमिळी गुपचिळी, आणि मी एकटी बाहेर.

कारण काय, तर म्हणे माझी भीती. बीपी निघालं तेव्हा मी फ्रिजवर यादी लावली होती. मिठाचा डबा कपाटात ठेवून किल्ली दुकानात नेत होते. तुझ्याकडे तीन महिने राहायला आले तेव्हा तपासणीत किडनीचं निघालं, तर बाबा तुला म्हणाले, "ताईला सांगू नकोस, ती मला पाणीसुद्धा मोजून देईल." आणि तू हसून कार्ड स्वतःच्या पाकिटात ठेवलंस. त्यांच्या पाकिटात ठेवलं असतं तर कपडे धुताना मला सापडलं असतं, हेही तुम्ही बसून ठरवलंत. शाबास.

हो, मी जाच करते. जाच करूनच तुला दहावी पास केलं होतं. आई गेल्यावर त्या घरात कोणी जाच केला नसता तर आपल्या तिघांचं काय झालं असतं, ते एकदा विचार करून बघ. पण जाच करणाऱ्या माणसाला फसवायचं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पाण्याचंही कळलं. मी बाटलीवर पेनाने खुणा करून ठेवल्या होत्या, दहापर्यंत इथे, एकपर्यंत इथे. या गोळीवर पाणी कमी पडलं की ती किडनीत साचते. बाटली रोज खुणेप्रमाणे रिकामी होत होती, म्हणून मी खूष. बाबा पाणी खिडकीतल्या कुंडीत ओतत होते. सारखं उठावं लागतं म्हणून. त्या चार दिवसांत ते झाड काय तरारलं होतं! मी कौतुकाने म्हणालेही, बघा बाबा, नवी पानं. ते म्हणाले, "तुझ्या हाताचा गुण."

मला आता काउंटरवर उभं राहू देत नाहीत. मालक वाईट नाहीत, म्हणाले, "वीस तारखेपर्यंत आत बसा." आतल्या खोलीत खोक्यांवर बसून मी मुदत संपलेल्या बाटल्या वेगळ्या करते. पडद्यापलीकडून नव्या पोरीचा आवाज येतो, "हे घ्या, सकाळ-संध्याकाळ." बस. एकही प्रश्न नाही. मला आत बसून किडनीचं विचारावंसं वाटतं, ओरडून.

एक गोष्ट मी तुला सांगितलेली नाही. हॉस्पिटललाही नाही. मंगळवारी दुपारी तीन वाजता मी सोळावी गोळी घेऊन गेले तेव्हा बाबा म्हणाले, "बाई, तुम्ही कोणाकडे आलात?" मी म्हटलं, बाबा, चेष्टा पुरे. त्यांनी तोंड घट्ट मिटलं, तरी चुचकारून मी ती दिलीच. मग संध्याकाळी सातला सतरावी. तेव्हा ते भिंतीला चिकटून बसले होते आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होते, "ही मला काहीतरी घालतेय. माझ्या मुलाला बोलवा." मी त्यांचं नाक धरून गोळी घातली. मला वाटलं, तापाने बरळतायत, गोळी चुकवून चालणार नाही. भास हा शब्द मीच वाचून दाखवला होता, शनिवारी. मंगळवारी तो मला आठवला नाही. आठवला तो गोळी गिळल्यावर. मग रिक्षा बोलावली.

आता ते शुद्धीवर आहेत, सगळं विसरलेत म्हणे. फक्त माझं नाव निघालं की पेला खाली ठेवतात. डोकं विसरलं असेल, नाक विसरलेलं नाही.

हे वाचून तुला बरं वाटलं असेल तर वाटू दे. पण ओळ पाठव. कार्ड तुझ्याकडे होतं. ते माझ्याकडे असतं तर पहिलीच गोळी डब्यात राहिली असती.

ताई


१७ मार्च

छोट्या,

तुझं पाकीट काल पोचलं. नोटरीचा शिक्का, कार्डाची झेरॉक्स आणि तुझा कागद. मी तो कागद उभ्यानेच वाचला.

'माझ्या बहिणीने शनिवारी दुपारी अडीचच्या सुमारास फोनवर मला स्पष्टपणे विचारले की वडिलांना किडनीचा काही त्रास आहे का. मी नाही असे सांगितले. हे मी जाणूनबुजून खोटे बोललो. यात माझ्या बहिणीचा कोणताही दोष नाही.'

मी जिंकले म्हणून खोक्यावर बसून रडले. मग बिलाच्या खिडकीवरच्या मावशीला कागद दाखवला. म्हटलं, बघा मावशी, शेवटी कबूल झाला. त्या शनिवारी ती माझ्या शेजारीच बसली होती.

मावशीने चष्मा लावून सावकाश वाचलं. मग कागद घडी करून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "भाऊ गुणाचा आहे गं तुझा."

मी म्हटलं, गुणाचा कसला? खोटं बोलला होता.

"तेव्हा कुठे? आता बोलतोय." मग हळूच म्हणाली, "तू असं विचारलंच नव्हतंस. मी इथेच होते की. तू म्हणालीस, बाबांना नागीण झालीय, गोळ्या सुरू करतेय, बाकी सगळं ठीक आहे ना तुमच्याकडे? तो काहीतरी म्हणाला आणि तू हसलीस. म्हणालीस, मेल्या, तुझं पोट कमी कर आधी. आणि फोन ठेवून कागदाच्या मागे लिहायला लागलीस."

मी तिच्यावर ओरडले. ती बिलं लावत बसली.

रात्रभर नाही म्हटलं तरी पहाटेपर्यंत मी तो फोन मनात पुन्हा पुन्हा लावून बघितला. पोटाचं वाक्य मला आठवतं. तुझं हसणं आठवतं. तू म्हणालास, "ठीक आहे की, माझं पोट तेवढं वाढलंय." किडनी हा शब्द कुठेच नाही, छोट्या. मी कितीदा शोधला. अनोळखी माणसाला मी तिन्ही प्रश्न विचारते. तुला विचारायचं म्हणजे मला उगीचच वाटलं, घरचाच तर माणूस, आणि घरचं मला माहीत नसेल असं होईल कसं? मग मी त्या ठरलेल्या जागी ठरलेलं उत्तर लिहून टाकलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

म्हणजे माझ्या चिठ्ठीमागे खोटं आहे. आणि तुझ्या कागदावरही. दोन्ही एकमेकांशी इतके छान जुळतात की कौन्सिल पाच मिनिटांत मला सोडेल.

तू मला आधी का नाही सांगितलंस, असं लिहिणार होते. पण सांगितलं होतंस. मीच चोर म्हणाले.

तरी ऐक. माझा राग उतरलेला नाही. दीड वर्ष तू माझ्या घरी येत होतास, माझ्या हातचा चहा पीत होतास, आणि ते कार्ड तुझ्या मागच्या खिशात असायचं. नागीण म्हटल्यावर, गोळ्या म्हटल्यावर तरी तोंड उघडायचं होतंस. मी विचारलं नाही हे खरं. तू सांगितलं नाहीस हेही तितकंच खरं. तेव्हा तू मला न विचारता गप्प बसलास, आता मला न विचारता गुन्हा अंगावर घेतोस. दोन्ही वेळा ताईला काय वाटेल ते तूच ठरवलंस. नोटरीकडे जाण्याआधी एक फोन करता येत नव्हता?

वीस तारखेला काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

ताई


२१ मार्च

छोट्या,

झाली सुनावणी.

लांब टेबल, तीन माणसं, मधल्यांपुढे माझी फाईल. पंखा इतका करकरत होता की एक जण सारखा वर बघत होता. तुझं पाकीट माझ्या पर्समध्ये होतं. मधल्यांनी चिठ्ठीची प्रत उलटी करून विचारलं, "ही नोंद तुमची?"

मी हो म्हटलं.

"म्हणजे तुम्ही भावाला किडनीबद्दल विचारलं होतं."

पर्सची चेन अर्धी उघडली होती मी. खोटं नाही सांगत, उघडली होती. एवढा कागद टेबलावर ठेवायचा, की मी परत काउंटरवर. आणि तू? तुला फार तर चार शिव्या बसल्या असत्या, त्याही तूच मागून घेतलेल्या. पण मग मला आठवलं, दर वेळी मी त्या जागी पेन टेकवते तेव्हा पुढे एक माणूस उभा असतो, आणि तो माझ्या अक्षरावर विश्वास ठेवून गोळी गिळतो. आपल्या बाबांनीही तसाच ठेवला होता, सतरावीपर्यंत.

मी म्हटलं, "नाही. विचारलं नव्हतं. घरचे म्हणून लिहून टाकलं." आणि सोळावी-सतरावीचंही सांगितलं. नाक धरल्याचंही. पंखा बघणारा माणूस पंखा बघायचा थांबला.

सहा महिने रजिस्ट्रेशन निलंबित. मधले म्हणाले, खरं बोललात म्हणून सहाच. मालक म्हणाले, सहा महिने आतल्या खोलीत बसा, खोकी काय पळून जात नाहीत. तुझा कागद मी फाडला. शिक्क्याच्या जागी तो जाड होता, फाटता फाटेना.

तुला माफ केलंय असं समजू नकोस. मी स्वतःलाही केलेलं नाही, रांगेत तुझा नंबर नंतर आहे. एक काम मात्र कर. ते कार्ड पाकिटातून काढ आणि बाबांच्या सदऱ्याच्या खिशात ठेव. तुझ्या नाही, माझ्याही नाही. आजार त्यांचा आहे. आणि संपर्काच्या जागी तुझ्या खाली माझाही नंबर लिही.

काल घरी आल्यावर मी तुझ्याकडे फोन लावला. तू उचलणार नाहीस, याची खात्री होती, म्हणूनच लावला असेन. बाबांनी उचलला.

मी 'हॅलो बाबा' म्हटलं. पलीकडे पेला ठेवल्याचा आवाज आला. फोन नाही ठेवला त्यांनी.

जेवलात का विचारणार होते, ते तोंडापर्यंत आलंही. मग मी ताठ उभी राहिले, काउंटरवर असते तशी, आणि विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे?"

मग म्हणाले, "बीपीचं."

"कशाची अ‍ॅलर्जी?"

"नाही."

"किडनी, लिव्हरचा काही त्रास?"

तुझ्या घरातलं घड्याळ मला ऐकू येत होतं. बाबा म्हणाले, "किडनीचा आहे. दीड वर्ष झालं." मग म्हणाले, "तू कधी विचारलं नाहीस, मी कधी सांगितलं नाही."

मला इतका राग आला होता, छोट्या, आणि इतकं रडू. समोर लाईटच्या बिलाचं रिकामं पाकीट पडलं होतं. ते उलटं केलं आणि हाताला सवय म्हणून लिहिलं, वर तारीख घातली, खाली सही केली:

'किडनी: आहे. उत्तर देणारा: स्वतः.'

ताई